एक हात कमी

आमच्या क्लबात सगळ्यात कमी बोलायचा तो पाना, आणि सगळ्यात जास्त ऐकावं लागायचं तेही त्याचंच.

तो प्लंबर. पँटच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असायचा, लग्नकार्यातसुद्धा, म्हणून नावच पाना पडलं. तरुण मंडळी पानाकाका म्हणायची. कुणाकडे सहज बसायला गेला तरी आधी स्वयंपाकघरात डोकावणार. तिथे नळ गळत असला की याचं गप्पांत लक्ष लागत नसे. माझ्या बायकोने त्याला एकदा तोंडावर विचारलं, "भावजी, तुम्ही आम्हाला भेटायला येता की नळाला?" तर म्हणाला, "नळाला. तुम्ही बिघडलात तर मला दुरुस्त करता येत नाही." हसला मात्र नाही. स्वतःच्या विनोदावर तो कधीच हसायचा नाही, त्यामुळे हा विनोद होता की काय, हे ठरवायला आम्हाला वेळ लागायचा.

मी शिंपी. नदीत अडकलेल्यांना काढणाऱ्या क्लबात पोहता न येणारा मी एकटाच. मला पानानेच ओढलं. म्हणाला, "पाण्यात उतरणारे पुष्कळ मिळतात रे मास्तर. काठावर शांत बसणारा मिळत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवलेलं नाही. जॅकेटं शिवायची, दोऱ्या वाळवायच्या, आणि ज्यांचं माणूस पाण्यात गेलंय त्यांच्याजवळ बसायचं, एवढं माझं काम.

आमच्याकडे दुसरेही सेवा क्लब आहेत. त्यांची तत्त्वं गुळगुळीत कागदावर छापलेली असतात. त्यात सेवा, बंधुभाव, सचोटी असे शब्द असतात, आणि ते वाचून आजवर कुणाची झोप उडालेली नाही. आमची तत्त्वं नदीकाठच्या शेडच्या दाराला आतून रंगवलेली होती. पाइपांना लावून उरलेल्या हिरव्या रंगात पानाने स्वतः लिहिलेली, वाकड्यातिकड्या अक्षरांत. आधी आपला माणूस कोरडा. कुणाच्या घरचा चहासुद्धा नाही. काळोख पडला की काम बंद. ज्याचं माणूस गेलंय त्याने काठावर राहायचं, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. दर सभेला उभं राहून ती मोठ्याने म्हणायची. मी कुरकुर करायचो, "आपण काय शाळेत आहोत का?" पाना म्हणायचा, "म्हण मुकाट्याने. तोंडात बसलं की वेळेला आठवतं."

सगळ्यात खाली लिहिलं होतं, की नियम मोडायचा असेल तर हजर असलेल्या सगळ्यांचे हात वर हवेत. एक हात कमी पडला तरी नियम तसाच राहील. यावरून आमची बरीच भांडणं झाली. बहुमताने सगळं जग चालतं, आपल्यालाच काय धाड भरली आहे? पाना म्हणायचा, "बहुमताने काठावरचे ठरवतात आणि बुडतो पाण्यातला." यापुढे त्याच्याशी वाद घालून उपयोग नसे.

हे त्याला कुणा पुस्तकाने शिकवलं नव्हतं. क्लब नवा होता तेव्हा आमच्याकडे तत्त्वं नव्हती, नुसता उत्साह होता. एका संध्याकाळी कुणी अनोळखी माणूस वाहून गेल्याची ओरड झाली. त्याची बायको काठावर ऊर बडवून घेत होती. आमच्यातला एक उमदा गडी हातात बॅटरी घेऊन काळोखात उतरला, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. अनोळखी माणूस पलीकडच्या काठाने केव्हाच घरी पोचला होता. आमचा गडी परत आला नाही. त्याच्या आईला जाऊन सांगायचं काम पानाने अंगावर घेतलं. तिच्या दारात उभं राहून तो काय बोलला, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो रंगाचा डबा घेऊन शेडमध्ये आला.

त्या गड्याचा धाकटा भाऊ पुढे वेल्डर झाला आणि क्लबातही आला. त्याच्या म्हाताऱ्या आईने त्याला अडवलं नाही. ती फक्त पानाला येऊन विचारून गेली, "आता नियम आहेत ना?" पाना म्हणाला, "आहेत." तेवढ्यावर तिने उरलेला मुलगा आमच्या हवाली केला. मला विचाराल तर मी केला नसता.

आता त्या दिवसाचं सांगतो. मला ते सांगायला आवडत नाही, पण पाना काय माणूस होता हे त्याशिवाय सांगता यायचं नाही.

धरणाचे दरवाजे उघडले होते. भोंगा वाजला, तरी खालच्या बुटक्या पुलावरून माणसं जात होतीच. घाई असली की सगळ्यांना वाटतं, एवढं ओलांडून जाऊ. दुपारी फोन आला, की पुलावरून स्कूटरवाला वाहून गेला. आम्ही निघालो. अग्निशमन दलाला कळवलं, तर त्यांच्या गाड्या वरच्या वस्तीत पुरात गुंतलेल्या. सकाळपर्यंत येतो म्हणाले.

त्या दिवशी कॅप्टन होती ड्रायव्हरबाई. ही एरवी शाळेची बस चालवते, आणि बसमधली पोरं तिला जेवढी घाबरतात तेवढेच आम्हीही घाबरतो. बोट चालवायला तिला पानानेच शिकवलं होतं. आमच्याकडे कॅप्टन होईल त्याचा शब्द त्या दिवशी शेवटचा, मग समोर कुणीही असो. ती इंजिनापाशी, वेल्डर मध्ये, आणि पुढे बोटीच्या टोकाशी आकडीची काठी घेऊन पाना. बाकीच्यांबरोबर मी काठावर दोऱ्या सोडवत होतो.

पुलाच्या खांबाला स्कूटर अडकली होती. पानाने आकडी टाकून ती ओढली. मागची बाजू वर आली. तिच्यावर औषधं पोचवणाऱ्यांची असते तशी पेटी होती, आणि पेटीचा तुटलेला पट्टा पाइपाच्या क्लिपने जोडलेला होता. तसं जोडकाम करणारा माणूस आमच्याकडे एकच आहे. पानाचा मुलगा औषधांच्या दुकानात कामाला होता. घरोघर औषधं पोचवायचा.

 पानाने स्कूटर सोडून दिली, आकडी पुन्हा पाण्यात घातली आणि म्हणाला, "चल, खाली घे बोट."

ड्रायव्हरबाईने बोट काठाकडे वळवली.

"इकडे कुठे? खाली घे!"

"काका, तुम्ही बाहेर."

"समज, मी पेटी पाहिलीच नाही."

"तुम्ही पाहिलीत काका. मीही पाहिली."

"अगं, मी तुला हाताला धरून शिकवलंय! माझ्यापुढे नियम सांगतेस?"

"तुम्ही शिकवलंत म्हणूनच सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज मला काठावर ऐकू येत होता. बसमध्ये असतो तसा नव्हता तो; ती रडत होती, पण हात इंजिनावरून हलला नाही.

तो उतरला. दोन्ही पाय जमिनीला लागले आणि तसाच मागे फिरून पुन्हा पाण्यात शिरला, कमरेपर्यंत. मी आणि वेल्डरने त्याला धरलं. त्याने कोपर मारून माझा ओठ फोडला. आयुष्यात कुणावर हात न उचललेला माणूस. आम्ही त्याला वर ओढून आणला, आणि बोट त्याच्याशिवाय परत गेली.

आता मला माझं काम करायचं होतं. काठावर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात त्याचे रिकामे हात. म्हणून आमच्याकडे एक युक्ती आहे. त्याच्या हातात दोरी द्यायची आणि सांगायचं, "घट्ट धरा, ढिली सोडू नका, बोटीला लागणार आहे." दुसरं टोक मागच्या एखाद्या झाडाला बांधलेलं असतं. त्या दोरीचा बोटीशी काही संबंध नसतो. पण माणूस ती जिवाच्या आकांताने धरून बसतो, आणि पाण्यात उडी मारायची राहते. ही युक्ती पानाचीच. कितीतरी बापांच्या हातात त्याने ती दोरी दिली होती.

मी दोरी घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो.  त्याने माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे.

"कशाला बांधलीयस?"

"झाडाला."

"बरं," तो म्हणाला, आणि हात पुढे केले. त्याने ती घट्ट धरली. ढिली सोडली नाही. मला त्या क्षणी भडभडून आलं, पण काठावर बसणाऱ्याने रडायचं नसतं, म्हणून मी ओठातलं रक्त पुसत राहिलो.

पानाची बायको, आमच्या वहिनी, आल्या त्या धावतच. त्या एका कचेरीत साफसफाईचं काम करायच्या. अंगावर कामाचा निळा कोट तसाच होता. त्यांनी पानाला काठावर बसलेला पाहिला आणि त्यांना काही समजेचना. "तुम्ही इथे काय करताय? अहो, जा ना! दुसऱ्यांची पोरं काढायला भरल्या ताटावरून उठून जाता, आणि आज बसून राहिलात?" काठावर राहायचा नियम काय आहे ते मी सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आग लावा तुमच्या नियमांना."

खाली, नदी वळते तिथे, मध्यभागी झाडीचं एक बेट आहे. पूर्वी तिथे अडकून वाचलेली माणसं आम्ही आणलेली आहेत, त्यामुळे सगळ्यांचा जीव तिकडेच लागला होता. बोट तिकडे जायची आणि लोंढा तिला बाजूला फेकायचा. इंजिन छोटं, पाणी माजलेलं. दर खेपेला वेल्डर उतरून दोरीला बांधून घ्यायचा, पोहायचा, आणि आम्ही त्याला ओढून परत घ्यायचो. पाना काठावरून ओरडून सांगत होता, डावीकडून घ्या, वरून सोडा, आत्ता नको, आता! ड्रायव्हरबाई त्याच्याकडे बघत नव्हती, पण करत होती तो सांगेल तसंच. तरी जमेना.

मध्येच तो हलक्या आवाजात मला म्हणाला, "मास्तर, तू नुसता पलीकडे बघ."

"मी तुझ्यापाशी बसायला आहे."

"तू मला अडवणार कसा? तुला पोहता येत नाही."

"अडवता नाही येणार. तुझ्या मागोमाग मी पाण्यात येईन. मग मला काढत बस."

"गाढवा," तो म्हणाला. पण बसून राहिला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग रागावून, मग हात जोडून. हात जोडतानाही दोरी हातातच. पाना कुणापुढे हात जोडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

संध्याकाळ व्हायला आली आणि वहिनी एकदम उठून उभ्या राहिल्या. "हाक आली! बेटावरून हाक आली, त्याचाच आवाज!" आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. मला पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही. वेल्डर म्हणाला, त्याला काहीतरी ऐकू आलं. खरंच आलं की वहिनींसाठी म्हणाला, कोण जाणे. पाना खाली मान घालून बसला होता. पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, तुला ऐकू आली होती का रे हाक? तो म्हणाला, "मला दुपारपासून येत होती." काठावर बसलेल्या प्रत्येकाला येते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

उजेड सरत आला. पाणी थोडं उतरलं होतं, हेही खरं. वेल्डर म्हणाला, "वरच्या वळणावरून बोट दोरीला बांधून सोडू. इंजिन नको. लोंढाच नेऊन लावेल बेटाला." ड्रायव्हरबाईने विचारलं, "आणि परत?" वेल्डर म्हणाला, "परतचं परत बघू." तिने आभाळाकडे पाहिलं. पलीकडच्या काठावरची झाडं वेगवेगळी दिसेनाशी झाली होती. नियमाप्रमाणे तिने इंजिनाची किल्ली काढून मुठीत घेतली.

"हात वर करू या," वेल्डर म्हणाला. "आपण सगळे आहोत ना? करा हात वर!" आणि त्याने स्वतःचा हात आधी वर केला. ज्याचा भाऊ या नदीने अशाच वेळी नेला, त्याने. मग एकेकाचे हात वर गेले. माझाही गेला. मला काही बोटीत बसायचं नव्हतं. शिंप्याला हात वर करायला काय जातंय? शेवटी ड्रायव्हरबाईने किल्ली असलेला हात वर केला. खाली राहिला एक पानाचा.

"काका," ती म्हणाली.

पाना वेल्डरकडे बघत होता. दुपारपासून पाण्यात राहून त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. त्याला धड उभं राहवत नव्हतं.

"तुझ्या आईला विचारलंस?" पानाने विचारलं.

"तिला कशाला? काका, वेळ जातोय, हात वर करा!"

"अहो, करा ना," वहिनी म्हणाल्या. त्यांना वाटलं, यांना ऐकू गेलं नसेल. "सगळे तयार आहेत हो. कुणी नाही म्हणत नाही. तुमचाच एक राहिलाय."

पाना हलला नाही. दुपारपासून ज्याने आमच्या हातापाया पडून पाण्यात जाऊ द्या म्हटलं, तो हाच. एकट्याने जायला तो शेवटपर्यंत तयार होता. आम्ही सोडलं असतं तर त्या क्षणीही गेला असता, आणि तेच कुणाला नको होतं.

वहिनी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि वर उचलायला लागल्या. दोरीही बरोबर वर आली. "एवढा एक हात वर करा हो. आपलं पोर आहे ते. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढा हात." त्यांनी तो खांद्याच्या वर नेला, दम लागला तशी पकड सुटली, आणि हात खाली पडला. त्यांनी पुन्हा उचलला.

"काकू," ड्रायव्हरबाई कशीबशी म्हणाली, "असा उचललेला हात मोजता येत नाही."

"त्या दारात मी परत जाणार नाही," पाना म्हणाला. एवढंच. कुणाशी बोलला तेही कळलं नाही, पण वेल्डरला कळलं. त्याने जॅकेट काढून जमिनीवर आपटलं, पानाला तोंडात येतील त्या शिव्या दिल्या, आणि मग तिथेच उकिडवा बसून लहान मुलासारखा रडला.

"काम बंद," ड्रायव्हरबाई म्हणाली.

मला पानाचा राग आला. आजही येतो. तो बरोबर होता असं मला कुणी समजावू लागलं की मी उठून जातो, आणि तो चुकला म्हणणाऱ्याशी भांडतो.

सकाळी उजाडल्याबरोबर बोट बेटाला लागली. अग्निशमनवालेही आले होते. मुलगा तिथेच झाडीत मिळाला, फांद्यांमध्ये. जिवंत नव्हता. वाहत येऊन अडकला की आधी अडकला आणि मग गेला, ते डॉक्टरांना सांगता येईना. ड्रायव्हरबाईने त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. ते म्हणाले, दुपारी गेला असेल, पहाटेही गेला असेल, पाण्यातल्या माणसाचं तसं नक्की सांगता येत नाही. त्यांनी काहीतरी एक ठोकून द्यायला हवं होतं. आता हे दोघं नवराबायको जन्मभर दुपार आणि पहाट घेऊन बसणार.

त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर अरुंद जिना. वहिनी आतल्या खोलीत मुलाच्या पलंगाला टेकून बसलेल्या. त्या रडल्या नाहीत आणि पानाशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पाना जिन्यात उभा असायचा. येणाऱ्याला वाट करून द्यायचा, जाणाऱ्याला वाट करून द्यायचा, जणू घर दुसऱ्या कुणाचं आहे.

वेल्डरची म्हातारी आली. तिला जिना चढवत नव्हता. पानाने हात दिला, तिने तो धरला, पण दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. आत येऊन ती वहिनींसमोर जमिनीवर बसली. काहीतरी बोलायचं ठरवून आली असावी. 

 पण आधी वहिनींनीच विचारलं, "तुमचा जेवला का?"

"जेवला," म्हातारी म्हणाली.

"पोटभर?"

म्हातारीने मान डोलावली.

"माझ्या पोराच्या वाटचं जेवतोय तो," वहिनी म्हणाल्या. "सांगा त्याला, ताटात टाकू नको म्हणावं."

एवढं बोलल्या आणि मग त्यांना रडू आलं, पहिल्यांदा, आणि म्हातारीने त्यांना जवळ ओढून घेतलं. पानाने जिन्यातून सगळं ऐकलं होतं. तो दारापर्यंत आला, चौकटीला हात लावून थांबला, आणि आत गेला नाही.